मावशीच्या हॅन्डलची फिरकी

आमची घरमालकीण दार वाजवून कधी आत आली नाही. बिजागऱ्यांना तिनं एवढं तेल पाजून ठेवलेलं होतं की दार कुरकुरायचंसुद्धा नाही. मी वह्या तपासत बसलेली असायचे, एकदम नाकात मुशीच्या तेलाचा भपकारा शिरायचा, आणि मान वर करावी तर बाई माझ्या पलंगाशी उभी. हातात तेलाची बुधली, बुधलीत खोचलेलं कोंबडीचं पीस. माझ्या ट्रंकेची कडी, स्टोव्हचा पंप, छत्रीच्या काड्या, जे लोखंडाचं दिसेल त्याला ती पिसानं तेल लावत सुटायची. एकदा मी झोपले असताना उशाशी काढून ठेवलेल्या चष्म्याच्या काड्यांनाही लावून गेली. दुसऱ्या दिवशी मी खाली बघितलं की चष्मा नाकावरून घसरे आणि वर्गातली पोरं खुसखुसत.

"मावशी, निदान चष्मा तरी सोडा," मी म्हटलं.

"खारं वारं हाय गो मास्तरनी. ते मानूस नाय खात, लोखंड खातंय," असं म्हणून ती खिडकीच्या गजांकडे वळली.

मी मूळची कऱ्हाडकडची. शाळेत नोकरी लागली म्हणून नव्वदच्या दशकाच्या शेवटी विरारजवळ अर्नाळ्याला येऊन पडले आणि समुद्राला लागून असलेल्या तिच्या घराची मागची खोली भाड्यानं घेतली. मुशीचं, म्हणजे शार्कचं, तेल कोळी लोक होडीच्या फळ्यांना लावतात, खाऱ्या पाण्यानं लाकूड कुजू नये म्हणून. या बाईनं होडीचा नियम अख्ख्या घराला लावलेला होता. पहिले काही दिवस मला त्या वासानं जेवण जाईना. नंतर सुट्टीत गावी गेले तेव्हा आईच म्हणाली, "तुझ्या अंगाला कसला गं वास येतोय?" मला काही वास येत नव्हता.

तोंडावर मी तिला मावशी आणि तुम्ही म्हणायचे, पण आठवताना 'ती'च आठवते. पन्नाशी ओलांडलेली, काळीसावळी, दंडांनी मजबूत. नेसायची काष्ट्याचं लुगडं. कपाळावर मोठं कुंकू, अंबाड्यात अबोलीचा गजरा. आणि असा सगळा साज करून ती मोटारसायकल चालवायची.

होय, मोटारसायकल. तीही दोन सायलेन्सरची, जुनी, धडधडणारी. तिच्या नवऱ्यानं घेतलेली. तो तांडेल होता, म्हणजे मासेमारीच्या होडीचा मुख्य. वादळात होडी हाकायचा, पण ही गाडी काही त्याला हाकता येईना. गाडी आणल्यावर आठवडाभरात तो कुंपणात घुसला, उठला, चावी बायकोच्या हातात दिली आणि परत म्हणून गाडीला शिवला नाही. तिनंच ती शिकून घेतली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती तरी हे सांगताना ती पोट धरून हसायची.

पहाटे बंदरावर लिलावात मासळी घ्यायची, पाटीत बर्फ घालून पाटी मागच्या सीटला दोरखंडानं आवळायची, आणि वाळूवरून थेट शेजारच्या राजोडी गावाकडे निघायचं. रस्ता होता की, चांगला डांबरी रस्ता होता. पण तो वळसा घेऊन जायचा आणि त्यावर टेम्पो असायचे. मावशीला टेम्पोवाल्यांचा राग. ती ओहोटी बघून किनाऱ्यानं जायची, मग सुरूच्या बनातल्या पायवाटेनं, मग वाड्यांमधल्या पाटांच्या कडेनं, जिथं दोन्ही बाजूंना केळी आणि मध्ये जेमतेम चाकापुरती जागा. दारोदार मासळी विकून दुपारपर्यंत परत. तिथल्या बागायतदारांच्या बायका म्हणे गाडीचा आवाज आला की वाटणाला बसायच्या.

मला एकदा शाळेला उशीर झाला म्हणून तिनं मागं बसवलं. साडी सावरू की जीव सावरू, अशी माझी गत. पण ती वाळूवरून अशी सुरळीत चालली होती की थोड्या वेळानं माझ्या घट्ट मिटलेल्या मुठी सुटल्या. तेव्हाच मी पहिल्यांदा ती फिरकी बघितली.

हॅन्डलच्या बरोबर मधोमध एक काळी, हातानं फिरवायची चकती होती. मेकॅनिक लोक तिला स्टिअरिंग डॅम्पर म्हणतात, मावशी 'फिरकी' म्हणायची. ती आवळली की आतल्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि हॅन्डल जड होतं. सैल केली की मोकळं. डांबरी रस्त्यावर जन्म काढलेल्या माणसाला तिचा उपयोग कळायचा नाही. पण वाळूत पुढचं चाक डावीउजवीकडे ओढ घेतं, हॅन्डल हातातून हिसके मारायला लागतं, आणि एकदा का ते फडफडायला लागलं की माणूस उताणा. तो हिसका ती फिरकी गिळते. म्हणून फार सैल चालत नाही. आणि फार आवळली तर हॅन्डल वळतच नाही, गाडी दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात जाते.

मावशी चालत्या गाडीवर फिरकी बदलायची. ओल्या घट्ट वाळूवर वेगात जायचं तर थोडी आवळ, भुसभुशीत लागली तर आणखी जराशी, सुरूच्या बनात वळणं आली की सैल. डावा हात हॅन्डलवरून अलगद मध्ये जायचा आणि परत जागेवर. आपण स्टोव्हची ज्योत कमीजास्त करतो ना, तसं. भाजी ढवळता ढवळता, लक्षही न देता.

"सुकान दाबून धरलं की होडी रुसते, सोडून दिलं की पलते," ती म्हणायची. "गाडीचंबी तसंच."

हे तिचं लाडकं वाक्य. ती ते गाडीबद्दल म्हणायची, सुनेबद्दल म्हणायची आणि माझ्या वर्गातल्या व्रात्य पोरांबद्दलही मला ऐकवायची. रविवारी राजोडीला मुंबईची पोरं नव्याकोऱ्या गाड्या घेऊन वाळूत रुतायची. ही शेजारी गाडी थांबवून, कमरेवर हात ठेवून बघत उभी राहायची. एकानं काकुळतीला येऊन मदत मागितली तेव्हा हिनं आधी त्याच्या हॅन्डलच्या मधोमध हात फिरवला. "फिरकीच नाय? मंग रस्त्यावरच राव्हायचं ना बाबा," असं त्याला समजावलं, आणि मग पदर खोचून गाडी अशी उचलली की पोरगं बघतच राहिलं.

अशी ही बाई एका वर्षी पडली.

पावसाळ्यात गाडी माडाच्या झावळ्यांच्या झापाखाली उभी होती. नारळी पुनवेनंतर काढली तर फिरकी गंजून घट्ट बसलेली. मावशीनं ती खोलली, आतल्या चकत्या काढून घासल्या, पुसल्या आणि परत बसवली. फिरकी पुन्हा लोण्यासारखी फिरायला लागली. बाई खूश. आणि त्याच आठवड्यात, गावाजवळ होड्या ओढून ठेवतात तिथल्या भुसभुशीत वाळूत, हॅन्डल फडफडलं आणि ती पाटीसकट आपटली. गळ्याजवळचं हाड मोडलं.

मुलगा धावत आला. मुंबईत कचेरीत नोकरी, विरारला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. माणूस वाईट नव्हता हो, मी तसं म्हणणार नाही. दवाखान्यात आईच्या उशाशी बसून तो रडला होता. पण हाड जुळून आल्यावर त्यानं आपला निर्णय सांगितला. गाडी विकायची, मासळी बंद, आणि आईनं विरारला राहायला यायचं.

"आये, या वेळी हाड मोडलं. पुढच्या वेळी डोकं फुटलं तर मी काय करू?"

मुलगा गेल्यावर मावशी माझ्या खोलीत आली, पलंगावर बसली आणि म्हणाली, "त्याच्या घराला अल्युमिनच्या खिडक्या हायेत. गंजत नाय म्हने. तिथं मी काय करू गो?"

मी चहा टाकला.

पण जी गोष्ट माझ्या जिवाला लागली ती वेगळीच होती. हात बरा झाल्यावर तिनं गाडी पुन्हा काढली होती. रिकामी गाडी, हळू हळू, फक्त किनाऱ्याच्या कडेनं. फिरकी पार शेवटपर्यंत आवळलेली. तरी हॅन्डल फडफडलं. ती पडली नाही, पण गाडी ढकलत घरी आली, स्टँडवर लावली आणि आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघत बसली. "हात म्हातारं झालं, मास्तरनी," ती म्हणाली. "फिरकी सगली आवलली तरी धरवत नाय." ज्या बाईनं समुद्रापुढे कधी मान झुकवली नाही, ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मला तिचा रागच आला. रडायला येत होतं म्हणून राग आला असावा.

पुढच्या रविवारी मुलगा गिऱ्हाईक घेऊन येणार असं ठरलं. आणि आदल्या सोमवारी माझं नि तिचं भांडण झालं.

त्याचं असं झालं. तिनं माझ्या दाराची आतली कडी काढून, तेलात बुडवून, परत बसवली होती. आता कडी लावली की वाऱ्याच्या धक्क्यानं ती आपली आपण घसरून खाली यायची आणि दार सताड उघडायचं. मी आंघोळ करून केस पुसत होते, दार उघडलं, समोर बोंबील सुकवणाऱ्या बायका. माझं डोकंच फिरलं. मी ओल्या केसांनीच तिच्या ओट्यावर गेले.

"मावशी, बिजागरीला तेल लावा, मी काही बोलले? बिजागरीचं काम फिरायचं. कडीचं काम धरून ठेवायचं. तिला कशाला तेल पाजलंत? आता ती धरणार काय, कपाळ?"

माझं बोलणं अजून पुष्कळ शिल्लक होतं. पण मावशी माझ्याकडे बघतच नव्हती. ती अंगणातल्या गाडीकडे बघत होती.

"मास्तरनी," ती सावकाश म्हणाली, "त्या चकत्यांनापन मी तेल लावलं."

"कुठल्या चकत्या?"

"फिरकीच्या आतल्या. घासल्या, पुसल्या, आनि चांगल्या तेलात बुडवून ठेवल्या रातभर. खारं वारं लागू नये म्हनून."

अख्ख्या गाडीत तेल नको असा एकच भाग, आणि बाईनं त्यालाच मायेनं रात्रभर तेल पाजलं होतं. चकत्या एकमेकींना धरायच्या ऐवजी एकमेकींवरून घसरत होत्या. वर फिरकी कितीही आवळा, आत काही धरतच नव्हतं.

"माझं हात नाय," मावशी म्हणाली. मग उठून उभी राहिली आणि पुन्हा म्हणाली, या वेळी शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात, "माझं हात नाय, तेल हाय."

पुढचे दिवस आमच्या घरात लगीनघाई. फिरकी खोलली. चकत्या पेट्रोलमध्ये धुतल्या, तरी हाताला बुळबुळीत लागत होत्या. वामेसारखी बुळबुळीत मासळी हातातून निसटायला लागली की कोळणी बोटांना राख लावतात. मावशीनं चुलीतली राख चाळून घेतली आणि चकत्या तिच्यात पुरून ठेवल्या. संध्याकाळी काढल्या तर राख तेल पिऊन काळी झालेली. पुन्हा नवी राख. मग झटकून, कोरड्या फडक्यानं पुसून, बोंबलांच्या शेजारी बांबूवर उन्हात टांगल्या. मी शाळेतून आले की ती मला त्यांच्यावरून बोट फिरवायला लावायची. "बघ, सरकतंय का?" शेवटी एके दिवशी बोट अडखळलं. मला एवढा आनंद झाला, जसा काही माझ्याच वर्गाचा निकाल लागला.

मग बसवून लावणं आलं. गाडी मोठ्या स्टँडवर घेतली, मागं वजन ठेवून पुढचं चाक उचललं. फिरकी सैल असली की हॅन्डल आपोआप एका बाजूला पडायचं. मावशी थोडी थोडी आवळत गेली, जिथं सोडलं तिथं हॅन्डल थांबेल इतपत, आणि दोन बोटांनी ढकललं तर हलेल इतपत. पण हे झालं अंगणात. वाळूची गोष्ट वेगळी, भरलेल्या पाटीची त्याहून वेगळी. बर्फासकट पाटी मागं नसेल तर अंदाज चुकतो, म्हणून पाटीच्या जागी मला बसवण्यात आलं. ओहोटीच्या वेळी रोज संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर. माझे विद्यार्थी होड्यांवर बसून बघायचे. मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं, "बाई, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "घर्षण शिकवतेय, सर."

शनिवारी मावशीनं भुसभुशीत वाळू गाठली, जिथं ती पडली होती तीच. मी डोळे मिटले. हॅन्डलनं एक हिसका दिला, दुसरा दिला आणि मुकाट झालं. पलीकडे घट्ट वाळूवर आल्यावर मावशीनं गाडी थांबवली. तिची पाठ हलत होती. मला वाटलं हसतेय. पुढं वाकून बघितलं तर रडत होती.

रविवारी मुलगा आला. बरोबर नालासोपाऱ्याकडचा एक गिऱ्हाईक, स्वतःच्या मोटारसायकलवर. मावशीनं दोघांना चहा दिला आणि मग आपली पैज सांगितली. भरलेली पाटी घेऊन किनाऱ्यानं राजोडीपर्यंत जायचं आणि परत यायचं. गिऱ्हाइकानं मागून यायचं, साक्षीला. कुठंही तिचा पाय जमिनीला लागला तर गाडी त्याची, आणि ती आजच्या आज मुलाबरोबर विरारला.

"आनि नाय लागला तर?" तिनं मुलाला विचारलं.

"नाही लागला तर राहू दे तुला गाडी," तो म्हणाला. त्याला वाटत होतं, प्रश्नच नाही.

"हितं नाय. तिथं किनाऱ्यावर, सगल्यांसमोर बोलायचं."

गाव गोळा व्हायला काय लागतं? मासे सुकवणाऱ्या बायका उठल्या, जाळी विणणारे उठले. मावशीनं काष्टा घट्ट केला, फिरकीला हात लावला आणि निघाली. तिच्या मागून गिऱ्हाईक. दोन्ही गाड्या लहान लहान होत गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. मुलगा माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या बुटांत पाणी शिरलं तरी तो हलला नाही. "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही तरी तिला समजवायचं," तो म्हणाला. मी म्हटलं, "तिला हात म्हातारे झाले असं वाटत होतं, तेव्हा तुम्ही तिला बघितलं नाहीत. मी बघितलं."

आधी आवाज आला. मग ठिपका. एकच ठिपका, गिऱ्हाइकाचा पत्ता नव्हता. मावशी होड्यांच्या रांगेशी आली, भुसभुशीत वाळूत शिरली. मुलानं माझा दंड धरला, इतका घट्ट की नंतर निळं झालं होतं. पुढचं चाक डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं आणि सरळ झालं. ती बाहेर आली तेव्हा सगळ्या बायका एकदम ओरडल्या.

मुलगा पुढं धावला. "बास आये, झालं. उतर आता."

पण मावशी उतरेना. पाय टेकला तर पैज कुठे संपली यावरून वाद होईल, एवढं व्यवहारज्ञान बाईला होतं. तिनं डावा हात मध्ये नेऊन फिरकी सैल सोडली आणि मुलाभोवती गोल फिरायला लागली. पाटीतल्या बर्फाचं पाणी ठिबकत होतं आणि वाळूवर ओलं रिंगण उमटत होतं. मुलगा मध्ये उभा राहून तिच्याबरोबर गरगर वळत होता.

एवढ्यात गिऱ्हाईक आला, गाडी ढकलत, शर्टाला वाळू माखलेली. "पाय नाही टेकला मावशीनं," तो धापा टाकत म्हणाला. "मी किती वेळा पडलो ते विचारू नका."

"ऐकलंस?" मावशी म्हणाली. "आता बोल."

मुलगा काहीतरी पुटपुटला.

"वारं हाय. ऐकू नाय आलं."

फिरकी आणखी सैल झाली, रिंगण आणखी लहान. आता ती इतकी जवळून जात होती की तिच्या पदराचं टोक त्याच्या हाताला लागत होतं. बायका हसत होत्या. मी ओरडून सांगितलं, "बोला हो लवकर, पेट्रोल संपेल." त्यानं माझ्याकडे रागानं बघितलं आणि मग त्यालाही हसू फुटलं.

"गाडी आयेची," तो मोठ्यानं म्हणाला. "सगळ्यांनी ऐका. गाडी आयेची."

तरीही ती थांबली नाही. आणखी एक फेरी घेतली, त्याच्या समोर आली, आणि आवाज खाली आणून तिनं विचारलं, "आनि आये कुठं राव्हनार?"

मुलाचं हसू थांबलं. तो तिच्याकडे बघत राहिला, ती पुढं गेली, पाठीमागून फिरून परत समोर आली. त्याचे डोळे भरले होते.

"आये अर्नाल्यालाच राव्हनार," तो म्हणाला. 'आये' एवढा शब्द सोडला तर त्याच्या तोंडून घरची बोली मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तेव्हा कुठे मावशीनं ब्रेक दाबला आणि पाय वाळूवर टेकला.